युरोपाबाहेरची दोन मतं

“काय रे पोर्तुगाल, तुझ्या राजानं काय धाडलान?”

यूनुस पोस्टाच्या पायरीवर उभा राहून हसत होता. राजीवने कंपनीच्या पोस्टबॉक्समधला आठवड्याचा ढीग काढून छातीशी धरला होता. बँकेची पाकिटं, विम्याची पाकिटं, मस्कतच्या रुवी भागात नव्याने उघडलेल्या बिर्याणी हॉटेलची चकचकीत पत्रकं. त्यांवर खिडकीतल्या माणसाने सही घेऊन हातात ठेवलेली दोन जाड पांढरी पाकिटं.

“राजा खंयचो आता? निवडणूक आसतली,” राजीव म्हणाला. “मधी मधी येता तां.”

“मग दे की मत! आमच्याकडे रत्नागिरीत मतासाठी माणसं पायऱ्या झिजवतात. तुला तर घरपोच आलाय.”

“माका तेचा काय करूचा आसा? तो देश गोरो की काळो, माका म्हायत नाय.”

पाकीट एरवी एकच येत असे, या खेपेला दोन. दोन्हींवर मांद्रेकर एवढंच त्याने वाचलं. चुकून दोनदा पाठवलं असेल असं वाटलं त्याला. बिर्याणीच्या पत्रकांबरोबर त्याने ती दोन्ही दाराजवळच्या डब्यात टाकली, बँकेची पाकिटं काखेत मारली आणि व्हॅनकडे निघाला. मे महिना होता. बाहेरच्या उन्हात डोळे उघडे ठेवणं मुश्कील. अशा दिवसांत एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. वादी कबीरला एका इमारतीचा कॉम्प्रेसर सकाळपासून बंद पडला होता आणि फोनवर फोन येत होते.

“यल्ला, यल्ला,” यूनुसने गिअर टाकला.

‘पोर्तुगाल’ हे नाव त्याला वर्कशॉपनेच दिलं होतं. पेडण्याचा राजीव मांद्रेकर, कपाळावर गंध, शुक्रवारी मंडळात पेटी वाजवणारा. आणि पासपोर्ट पोर्तुगालचा! हसू येणारच. पण गोव्यात यात नवल नाही. ज्याच्या बापाचा जन्म पोर्तुगीज अमलातला, त्याने लिस्बनला ती नोंद करून घेतली की मुलानातवंडांनाही तिकडचं नागरिकत्व मिळतं. पोर्तुगालला जायचं असतं फारच थोड्यांना. पोर्तुगाल आणि इंग्लंड तेव्हा दोन्ही युरोपीय संघात, म्हणून तो पासपोर्ट म्हणजे इंग्लंडचा दरवाजा. राजीवचा धाकटा भाऊ सलील त्याच दरवाजाने स्विंडनला गेला, एका गोदामात लागला, तिथेच घर केलं. मागोमाग जायचं म्हणून राजीवनेही मस्कतमध्ये बसून सगळे कागद केले. आपला आणि लहानग्या लेकीचा, अंतराचा, भारताचा पासपोर्ट परत दिला. बायकोने, उत्तराने, मात्र दिला नाही. ती सावंतवाडीची. “एकान तरी घराची चावी हातात ठेवूक व्हयी,” म्हणाली.

पुढे इंग्लंडने युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं. सलीलचा तेव्हाचा फोन राजीवला अजून आठवतो. सलील हसत होता, पण ते हसू बरं नव्हतं. “दादा, गंमत आयक. माका मत नाय, कारण मी युरोपचो. माझ्या शेजाऱ्याक होता, कारण तो भारताच्या पासपोर्टाचो, राष्ट्रकुलातलो. आणि तो गेलोच नाय! म्हणालो, पाऊस होतो, आणि आपल्याक काय?”

राजीवलाही ते ऐकून हसू आलं होतं. शेजाऱ्याचं चुकलं असं काही त्याला वाटलं नव्हतं. आपल्याला काय, हे तोही आयुष्यभर म्हणत आला होता. गावच्या पंचायतीच्या निवडणुकीला म्हणाला, आमदाराच्या निवडणुकीला म्हणाला. फक्त तो ते जरा गोड शब्दांत म्हणे. “आपण अलिप्त माणसां. हरी ठेवीत तसा रवाचा.”

दरवाजा बंद व्हायच्या तारखा पडत गेल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. राजीवला त्याचं काही वाटलं नाही. ओमानात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला मुदतीची भीती राहत नाही. व्हिसा संपूनही राहिलेल्यांना इथे माफी जाहीर होते, माफीची मुदत संपते, आणि संपली की वाढते. मुदत म्हणजे वाढणारी गोष्ट, असंच त्याच्या अंगात मुरलं होतं. मग ते साथीचं वर्ष आलं. सलील काकुळतीला आला. “दादा, डिसेंबर संपूच्या आत ये. नुसतो पाय ठेव, पुढचा मी बगतंय.” त्या वर्षी दत्तजयंती डिसेंबरच्या अगदी शेवटी होती. कीर्तन एका घरात मोजक्या माणसांत व्हायचं होतं आणि बाकीच्यांना फोनवरून ऐकवायचं होतं. पेटीला राजीवशिवाय कोणी नव्हतं. “दत्तजयंती करून येतंय,” तो म्हणाला. कीर्तन फार सुंदर झालं. नवं वर्ष लागलं, आणि या वेळी मुदत वाढली नाही.

हरीची इच्छा, असं म्हणून त्याने पेटीचा भाता बांधला. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. खोटेपणा त्या माणसात नव्हता. पण त्या इच्छेचा भार पुढे पडला तो अंतरावर. इंग्लंड बंद. गोव्यात कॉलेजला जावं तर ती परदेशी विद्यार्थिनी. उरला एकच देश, जो घरात कोणी पाहिला नव्हता. पोरीने दोन वर्षं फोनवर पोर्तुगीज घोटलं, एका कॉलेजात जागा मिळवली. सप्टेंबरात ती जाणार होती. एकटीच.

*

संध्याकाळी राजीव घरी आला तेव्हा मीराबाई हॉलमध्ये एसीच्या गारव्याला शाल गुंडाळून बसल्या होत्या. गोव्याच्या कीर्तनकार, साठी उलटलेल्या, आवाज मात्र झांजेसारखा खणखणीत. मंडळाने त्यांना शुक्रवारच्या कीर्तनासाठी बोलावलं होतं आणि उतरायला राजीवचं घर दिलं होतं. स्वयंपाकघरात उत्तरा विळीवर नारळ खवत होती.

“राजीव, तुझ्या घरात सोलकढी आणि थंडी दोन्ही भरपूर हां,” बाई म्हणाल्या. “उद्या माझा आवाज बसला तर दोष कुणाचा?”

“बाई, तुमचा आवाज बसलो तर पेटी काय ऱ्हवतली उभी?”

तेवढ्यात अंतरा आतून आली. “बाबा, पोस्ट आणलं? माझा बॅलट आला?”

“कसलो बॅलट गो?”

“इलेक्शन, बाबा. अठराला आहे. मी एटीन झाले ना, माझं फर्स्ट वोट. आमच्या ग्रुपवर सगळ्यांना मिळालं, दुबईवाल्या मुलीला पण. व्हाइट पाकीट असतं, आत एक ग्रीन पाकीट.”

राजीवने घाम पुसायला काढलेला रुमाल हातातच राहिला. दोन पाकिटं का आली ते आता त्याला कळलं.

“तां… तां मी टाकलंय.”

“टाकलं म्हणजे? पोस्ट केलं?”

“कचऱ्यात.”

विळीवरचा आवाज थांबला. अंतरा आधी हसली, बाबांची थट्टा आहे असं समजून. मग तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“माझं नाव होतं त्याच्यावर.”

“मी समाजलंय, माझांच दोनदा इला.”

“तुमचं तुम्ही फेका. एव्हरी टाइम फेकता. मी कधी काही बोलले? पण माझं का?”

“अगो बाळा, ज्या देशात आपलो पाय पडाक नाय, थंयच्या राजकारणात आपण कित्याक पडूचा?”

“माझा पडणार आहे ना! सप्टेंबरमध्ये!” तिचं मराठी घाईत अडखळू लागलं. “तिकडे पण आता लोक बोलतायत, बाहेरचे नको, इंडियन्स खूप झाले. मला तिथे रूम शोधायची आहे, बसमध्ये बसायचंय. आय हॅव टू लिव्ह देअर, बाबा. तुम्ही इंग्लंडच्या वेळी पण हेच बोलला होता, आपल्याला काय. तुम्ही काहीच चूज केलं नाही, म्हणून मला हे मिळालं.”

“हरीची इच्छा आसता…”

“हरीला कशाला मधे घेता? पोस्टात सही हरीने केली का? तुम्ही केली.”

एवढं बोलून ती आत गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर राजीवला बरं वाटलं असतं.

“दुसरां मिळात काय?” त्याने उत्तराला विचारलं, जणू ते तिच्याकडे डब्यात असावं.

“माका काय इचारतास?” उत्तरा बाहेर आली. हाताला खोबरं लागलं होतं. “इतक्या वर्सांत पयल्यांदा चेडवान तुमच्याकडे कायतरी मागल्यान. दागिनो नाय, मोबाइल नाय. एक पाकीट.”

 मीराबाईंनी शाल नीट केली आणि डोळे मिटून घेतले; पण त्या झोपल्या नव्हत्या हे राजीवला दिसत होतं.

तो तसाच चपला घालून पोस्टात परत गेला. डब्यात नवी काळी पिशवी घातलेली होती, रिकामी, फुगलेली. झाडू मारणाऱ्या बांगलादेशी माणसाला त्याने हातवारे करून पाकिटाचा आकार दाखवला. माणसाने रस्त्याकडे बोट केलं. “गाडी ले गया, भाई. खलास.” मग राजीवचा चेहरा पाहून त्याने विचारलं, “पैसा था?”

“नहीं,” राजीव म्हणाला. “पैसा नहीं था.”

*

शुक्रवारी देवळामागचा हॉल भरला. मदिनत सुलतान काबूसच्या श्रीमंत वस्तीतली मंडळी गाड्यांतून आली, रुवीची चालत आली. ज्यांनी मीराबाईंचं कीर्तन ऐकलं आहे त्यांना सांगायला नको की त्या उभ्या राहिल्या की हॉल हा हॉल राहत नाही, देवळाचं आवार होतं. हिरवं नऊवारी, कपाळाला बुक्का, हातात झांजा. नमनालाच त्यांनी असा सूर लावला की मागच्या रांगेतल्या गप्पा आपोआप विझल्या. राजीवने पेटी धरली. रात्रभर झोप नव्हती. पण बोटांना पट्ट्या पाठ होत्या.

पूर्वरंगाला त्यांनी विषय घेतला वैराग्याचा. संसारात राहून मन देवापाशी कसं ठेवावं, हे त्यांनी फार गोड सांगितलं. राजीवच्या मनाला जरा थंडावा आला. ही वाट त्याच्या ओळखीची होती.

उत्तररंगाला त्यांनी आख्यान लावलं, आणि ते पुराणातलं नव्हतं.

“आमच्या गोव्यात खाडीकाठी खाजन शेतं असतात,” त्या म्हणाल्या. “खारं पाणी आत येऊ नये म्हणून गाव मिळून बांध घालतो. बांधात लाकडी फळ्यांचं एक दार. त्याला म्हणतात मानस. भरती आली की फळी लावायची, ओहोटी लागली की उघडायची. एवढंच काम. पण ते चुकलं की समुद्र शेतात. असं एक गाव होतं, मंडळी, आणि गाव कसं? भारी भक्तिमान! गावात कीर्तन म्हटलं की आजारी माणूसही खाट सोडून यायचा. एकदा मोठे बुवा आले. नेमकी अमावास्या, उधाणाची भरती. मानशीवर जायच्या पाळ्या लावलेल्या होत्या. पण पाळी कुणाची यावर वाद कशाला घाला, देवाच्या कामात वाद बरा नव्हे! म्हणून काय केलं? सगळेच कीर्तनाला आले.”

हॉल हसला. मीराबाईंनी झांज वाजवली आणि पद उचललं. पद त्यांचं स्वतःचंच असावं.

“कोण जाईल, कोण जाईल, पुसे अवघा गाव।
फळी सोडुनि हातची घेई देवाचे नाव॥”

लोकांनी ते उचलून धरलं. टाळ्या पडू लागल्या. राजीव वाजवत होता, पण दुसऱ्या आवर्तनाला त्याला नेमकं काय गायलं जातंय ते कळलं.

“सकाळी बघतात तर शेत पांढरं. मिठाचं. गाव रडत बुवांकडे गेला. म्हणाला, बुवा, आम्ही काल देवाचं नाव घेत होतो, कोणतं पाप करत होतो? मग देवानं आमचं शेत का नाही राखलं?” बाई थांबल्या. झांजा त्यांनी एका हातात घेतल्या. “बुवा म्हणाले, बाबांनो, काल मीही त्याला शोधत होतो. इतकं छान कीर्तन झालं, पण तो आला नाही. पहाटे बांधावर जाऊन पाहिलं तेव्हा कळलं. रात्रभर तो मानशीवर उभा होता. एकटा. गळ्यापर्यंत पाण्यात. फळीला खांदा लावून, तुमच्यातलं कुणी येतं का म्हणून वाटेकडे बघत.”

आता कोणी हसलं नाही.

याच जागी पेटीने सूर धरायचा असतो, म्हणजे कीर्तनकाराला पुढचं पद उचलता येतं. सूर आला नाही. राजीवचा हात भात्यावर होता, पण भाता हललाच नाही. त्याला ती दत्तजयंती दिसत होती. फुलांनी मढवलेला पाट, समोर ठेवलेला फोन, आणि स्विंडनहून दोनदा आलेला, त्याने न उचललेला सलीलचा फोन. त्या दिवशी आपण कुणाच्या समोर वाजवत होतो?

मीराबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी तोच षड्ज नुसत्या गळ्याने लावला आणि धरून ठेवला. दम संपत आला तरी सोडला नाही. तबलेवाला खाली मान घालून बसला. शेवटी राजीवने भाता उचलला आणि पेटी त्या आवाजाखाली येऊन उभी राहिली. बाईंनी श्वास घेतला.

मागच्या भिंतीला टेकून अंतरा आईजवळ बसली होती. एरवी कीर्तनात तिच्या मांडीवर फोन असतो. आज नव्हता. ती बापाकडे बघत होती. पण तिच्या बघण्यात क्षमा होती की नुसतं बघणं होतं, हे राजीवला इतक्या लांबून कळेना.

कीर्तन संपल्यावर लोक पाया पडून गेले. मीराबाईंची पिशवी उचलताना राजीवने खालच्या मानेनेच विचारलं, “बाई, तां माझ्यासाठी होता?”

“गोष्ट ज्याला लागते त्याची,” मीराबाई म्हणाल्या. “आणि आधी मलाच लागली रे. काल तुझी पोर बोलली तेव्हा मी डोळे मिटून हिशोब केला. मतदानाच्या दिवशी मी गावात कधी होते? आठवेना. नेहमी कुठेतरी कीर्तन असायचं.” त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “चल. मुलगी गाडीत वाट बघतेय.”



*

मतदान होऊन गेलं. परदेशातली मतं तिकडे पोचून मोजायला आणखी काही दिवस लागतात. शेवटच्या चार जागा त्यांवरच ठरणार होत्या. मीराबाई गोव्याला परत गेल्या. अंतराचा बारावीचा निकाल लागला. चांगला लागला, पेढे वाटले. ती बापाशी बोलत होती, म्हणजे जेवायला चला, गाडीची किल्ली कुठे आहे, इतकं. पोर्तुगालचं नाव मात्र ती त्याच्यासमोर काढत नव्हती.

मोजणीच्या दिवशी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. राजीव कामावरून आला. हातपाय धुतले. या वेळी तो नेहमी पेटी काढून तासभर बसत असे. आज त्याने चष्मा शोधला, तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसला. अंतराने पडद्यावरून नजर काढली नाही.

“हो कोण?” त्याने एका फोटोकडे बोट केलं.

“प्राइम मिनिस्टर होणार. बहुतेक.”

“आणि हो?”

“हे ‘बाहेरचे नको’वाले.”

“ते जिंकले?”

“खूप जिंकले.” तिने पान खाली सरकवलं. “हे बघा. ही आपली ओळ. जगात सगळीकडे राहणारे, पण युरोपमध्ये नाही. त्याचं नावच तसं आहे. युरोपाबाहेर. आपली कॉन्स्टिट्युएन्सी.”

राजीवने ओळ वाचली. अक्षरं ओळखीची होती, शब्द नव्हते. “किती जणांनी दिलां मत?”

“अगदी कमी. मोस्ट लोक देतच नाहीत.”

“सगळे आमच्यासारकेच.”

 तिने एका आकड्यावर कर्सर नेला. “आपल्याला दोन सीट आहेत. एक त्यांना गेली. बाहेरचे नको, त्यांना.”

स्वयंपाकघराच्या दारात उत्तरा येऊन उभी राहिली होती. राजीवने चष्मा नीट करून तो आकडा पुन्हा वाचला. त्यांच्या दोन मतांनी तो आकडा बदलला नसता, हे त्यालाही कळत होतं आणि अंतरालाही. तसं म्हणून तिची समजूत काढता आली असती. त्याने तसं म्हटलं नाही.

“तुझा कॉलेज ज्या जिल्ह्यात आसा,” तो म्हणाला, “थंयसून कोण निवडून इलो?”

अंतराने मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्याच्याकडे नीट बघत होती.

“तुम्हाला कशाला?”

“तू थंय ऱ्हवतलंस. कायतरी झाला तर कोणाक धरूचा, तां माका म्हायत व्हया.”

तिने नकाशा काढला. देशाच्या वरच्या कोपऱ्यात, डोंगरातला एक जिल्हा. तिथली नावं उघडली. मग लॅपटॉप थोडासा त्याच्याकडे सरकवला. राजीव पुढे वाकला आणि बोट ठेवत एकेक अक्षर लावू लागला.

“ब्रा-गां-का.”

“नाही. खाली शेपूट आहे ना त्या सी-ला. ब्रगान्सा.”

“ब्रागान्सा.”

“पहिला ‘अ’ छोटा. आणि मधलं नाकातून.”

“ब्रगान्सा.”

“परत,” ती म्हणाली.

त्याने परत म्हटलं.